मुद्दाम बंद

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे सरका, ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. कांदळे बंदरातल्या शलाका कुबल नावाच्या पोरीची गोष्ट सांगतो. कीर्तन संपताना हातावर खडीसाखर पडते, तसं आज काही पडणार नाही. तरी उठू नका. अर्ध्यावर उठणारा माणूस या पोरीला दोष देऊन मोकळा होतो, आणि तो दोष एवढा सोपा नाही.

बुवा आख्यानाला हात घालण्याआधी पूर्वरंगात तत्त्व समजावून देतात. ते का? नुसतं आख्यान ऐकलं तर रडू येतं, पण कशासाठी रडलो ते कळत नाही. म्हणून आधी थोडं पेटीचं.

काळ आपल्या पुढचा, दहा-बारा वर्षांनंतरचा. तेव्हा किनाऱ्यावरच्या प्रत्येक मासेमारी बोटीवर एक पेटी आली होती. नारळाएवढी. तिला पडदा नाही, फक्त एक बटण आणि त्यात एक दिवा. जुने बोलायचे रेडिओ गेले, त्यांचं कामही याच पेटीकडे आलं. पेटीतला ट्रान्समीटर दर मिनिटाला उपग्रहाकडे बोलायचा, ‘मी इथे आहे’, आणि बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत पडद्यावर त्या बोटीचा हिरवा ठिपका हलायचा.

आता पेटी म्हणजे छोटा संगणकच. त्याच्या पोटात जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती ट्रान्समीटरची एक यादी ठेवते, आणि यादीतल्या प्रत्येकापुढे दोन कड्या लिहिलेल्या असतात. एक मऊ कडी आणि एक कठीण. मऊ कडी अ‍ॅपच्या हातातली. ज्या अ‍ॅपला परवानगी आहे ते ती घालू शकतं, काढू शकतं. कठीण कडी म्हणजे पेटीवरचं बटण, ते फक्त माणसाच्या बोटाने हलतं. अ‍ॅपला ते कसं आहे एवढं दिसतं, हलवता येत नाही. ट्रान्समीटर कधी बोलणार? दोन्ही कड्या उघड्या असतील तेव्हाच, संदेश धोक्याचा असला तरी. दाराला आतून एक कडी आणि बाहेरून एक. आतल्याने आपली काढली म्हणून बाहेरची निघत नाही. आणि बटणातला दिवा? तो फक्त बटणाचं सांगायचा. बटण उघडं की हिरवा. मऊ कडीचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

अजून एक. कडी पडायच्या आधी सिस्टिम ठिकाण कळवणाऱ्या अ‍ॅपच्या कानात कुजबुजते, ‘आता बंद होतंय हं.’ तेवढ्या वेळात अ‍ॅप एक शेवटचा संदेश धाडतं आणि मगच तोंड मिटतं. त्यामुळे बंदरावर दोन तऱ्हेची शांतता दिसायची. न सांगता गप्प झालेल्या बोटीचा ठिपका तांबडा, सांगून गप्प झालेल्या बोटीचा करडा. त्याखाली अक्षरं येत, ‘मुद्दाम बंद’. पूर्वी बोट गप्प झाली की सगळं बंदर दर्याकडे बघत उभं राहायचं. आता गप्प राहण्यालाही कारण चिकटून येऊ लागलं, आणि कारण दिसलं की काळजी करायची कुणाला गरज उरली नाही.

पूर्वरंग संपला. आता माणसांकडे येऊ.

शलाका संगणक शिकून गावी परत आलेली. सोसायटीच्या पडद्यासमोर बसायचं तिचं काम. तिचा थोरला भाऊ निळकंठ, निळूदादा, ‘सातेरी कृपा’ या छोट्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा. सोबत आंतोन नावाचा एकच खलाशी. मोबाइलची रेंज सुटते त्याच्याही पलीकडे पाण्याखाली तीन खडक होते, आणि त्यांच्या खुणा निळूला बापाकडून मिळाल्या होत्या. डोंगरावरचं कुठलं टोक बेटाच्या कुठल्या कडेला लागलं म्हणजे खाली खडक, अशा त्या खुणा. खडकावर मोठा मासा. खुणा मुलाला सांगायच्या, मुलीला नाही. मुलगी परघरी जाते, तिच्याबरोबर खडकही परघरी जातो. बापाने मरताना शलाकाला पाणी पाजायला जवळ बोलावलं आणि खुणा सांगायला बाहेर पाठवलं.

पेट्या आल्या आणि खुणांची चव गेली. सोसायटीचे चेअरमन जयराम तारी यांच्या तीन लोखंडी बोटी होत्या. छोट्या बोटीचा हिरवा ठिपका कुठे दोन तास थांबला, की दुसऱ्या दिवशी पहाटे त्या तिथे हजर.

एके दुपारी निळू बहिणीसमोर येऊन बसला.

“शलू, माझो ठिपको वायच झाकून ठेवूक येतलो काय?”

“बटण बंद कर मरे.”

“रोज बटण बंद केलंय तर चेअरमनाचो माणूस इचारता, खंय होतंस. वाटेत कधी झाकलो नि कधी उघडलो, ता माझा माकाच कळता कामा नये. खडक इलो की आपोआप गप्प.”

शलाका हसली. असलं काम तिला आवडायचं. “करतंय. बोट खडकापासून पाच-सात मैलांवर असतानाच कडी पडतली, रोज वेगळ्या जाग्यार, परत बंदराच्या पाच मैलांत इली की निघतली. पण जागा सांगूक व्हयी.”

निळूने दाराकडे बघितलं. मग म्हणाला, “तू तोंड फिरव.”

“काय?”

“तिकडे भितीकडे बघ. मी घालतंय आकडे.”

ती भिंतीकडे तोंड करून बसली. मागे एका बोटाने टकटक चाललेली. तीन खडकांना पाव तास लागला.

“दादा, मी बापाशीची कोणच नाय?”

“तू सगळा आसस गो,” तो टकटक न थांबवता म्हणाला. “पण खुणा नाय.”

त्या अ‍ॅपला तिने नाव दिलं ‘आडोसा’. महिन्याभरात सतरा छोट्या बोटींवर तो चढला. तांडेल येत, शलाका भिंतीकडे तोंड करी, ते आकडे घालत. आकडे थेट पेटीत जात, सोसायटीत त्यांची नोंद उरत नसे. त्या भिंतीवरच्या डागांची तिला ओळख झाली होती.

आधी तिने आडोशात एक शहाणपण ठेवलं होतं. तांडेलाने बोटाने बटण चालू केलं, तर त्याला बोलायचंय असं समजून आडोशाने आपली मऊ कडीही काढायची. पण एकदा जाळं ओढताना आंतोनच्या कोपराने बटण आधी बंद झालं, मग चालू. झालं, कडी निघाली आणि ऐन खडकावर ठिपका हिरवा. निळू संध्याकाळी तणतणत आला.

“खलाशाच्या कोपरान माझो खडक उघडो पडतलो? बटणान कडी निघता कामा नये, सांगान ठेवतंय.”

“अडचणीत पडलंस तर?”

“तू आसस मा हंय!”

म्हणून तिने आपल्यासाठी एक किल्ली ठेवली. तिचं नाव ‘हाक’. ट्रान्समीटर हे तोंड. ऐकायचा कान वेगळा असतो, तोंड मिटलं तरी तो उघडा राहतो. बंदरावरून शलाकाने हाक मारली की कानातून ती आडोशापर्यंत पोचायची आणि मऊ कडी निघायची. बटणाचं शहाणपण तिने त्याच दिवशी पुसून टाकलं. एकच ओळ होती.

भाद्रपदात त्यांची आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. शलाकाने घाबरून हाक मारली. निळूचा ठिपका भर खडकावर हिरवा झाला. तो आला, आईला तालुक्याला नेलं, हाड बसलं. पण दुसऱ्या दिवशी तिन्ही लोखंडी बोटी त्या खडकावर फिरल्या आणि खडक धुऊन नेल्यासारखा रिकामा केला. बापाच्या तीन खुणांतली एक गेली.

निळू महिनाभर बहिणीशी बोलला नाही. मग एका सोमवारी तिला सातेरीच्या देवळात घेऊन गेला आणि उंबऱ्यावर नारळ ठेवला.

“हात लाव. म्हण, दिवस मावळापर्यंत हाक मारूची नाय.”

“दादा, आईचा हाड...”

“आई मेली तरी नाय.”

तिने हात लावला. आमच्याकडे सातेरीच्या उंबऱ्यावरची शपथ मोडत नाहीत. मोडणाऱ्याचं काय होतं ते कुणी पाहिलेलं नाही, कारण मोडलेलीच नाही कुणी. त्यानंतर निळूने आणखी एक सुरू केलं. खडकावर पोचला की तो बटणही आपल्या बोटाने बंद करी. आता चेअरमनचा माणूस विचारो नाहीतर न विचारो. दारात दोन्ही कड्या.

कार्तिकातली गोष्ट. देवळात सप्ताह बसला होता. मतलई, म्हणजे जमिनीवरून दर्यात जाणारा पहाटेचा वारा, एरवी नऊ-दहाला पडतो. त्या दिवशी पडेचना. ‘सातेरी कृपा’चा ठिपका सकाळी आठला करडा झाला. त्यात नवल नव्हतं. निळू एक वाजेपर्यंत परत येई, कारण दोनला बंदरावर माशांचा लिलाव असतो. एक वाजला, दीड वाजला. ठिपका करडा.

सुरंगा वैनी, निळूची बायको, कीर्तनातून उठून सोसायटीत आली. हातात अंगाऱ्याची पुडी.

“गो, इलो नाय तो?”

“करडो आसा, वैनी. तांबडो नाय.”

“करडो म्हणजे जितो आसा?”

“करडो म्हणजे मुद्दाम बंद. आपणान बंद केलेलो.”

“मिया काय इचारलंय आणि तू काय सांगतंस!” वैनी खुर्ची ओढून बसली. “मतलय पडूक नाय आज. बघ मा भायर.”

शेजारच्या टेबलावर चेअरमनचा माणूस सुपारी कातरत होता. त्याचा अडकित्ता थांबला. शलाकाने आवाज खाली केला.

“आज मासो बरो लागलो असतलो. म्हणान उशीर.”

वैनी गेली. तीनला परत आली. या वेळी बसली नाही.

“हाक मार.”

“शपथ आसा, वैनी.”

“तुझी. माझी नाय.”

“मारून उपेग नाय. तो बोटान पण बंद करता. माझी कडी निघाली तरी त्याची निघूची नाय.”

वैनीने तिच्याकडे नीट बघितलं. सातवी शिकलेली बाई, पण तिचा हिशोब कुणाहून कच्चा नव्हता. “उपेग नाय तर मारून बघ. ठिपको पेटूचोच नाय, तर खडक खंय दिसता आणि शपथ खंय मोडता?”

शलाकाने नजर पडद्याकडे वळवली. खरं उत्तर तिला माहीत होतं, ते तिने जिभेवर येऊ दिलं नाही. हाक लागली तर? ठिपका पेटला, शेजारच्या टेबलाने बघितला, दुसरी खूण गेली आणि दादा हसतखेळत मासे घेऊन परत आला तर? मग तो महिनाभर नाही, जन्मभर बोलणार नाही. भावाच्या जिवाची भीती आणि भावाच्या अबोल्याची भीती, दोन्ही तिच्या छातीत शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि पडद्यावरचे दोन शब्द दुसरीच्या बाजूने साक्ष देत होते. मुद्दाम बंद.

“सहाक दिवस मावळता,” ती म्हणाली. “सहाक मारतंय.”

चार वाजले. तिने दोनदा किल्लीवर बोट ठेवलं आणि उचललं. पाच वाजता ती उठली, खिडकीतून सूर्य बघितला. चांगला हातभर वर होता. ती परत आली आणि तिने हाक मारली.

ठिपका करडाच राहिला. खाली नवी अक्षरं आली, ‘उत्तर नाही’.

मग मात्र सगळं बंदर धावलं. आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी चेअरमनच्या लोखंडी बोटी सुटल्या. जयराम तारी स्वतः पहिल्या बोटीवर चढला. तिथून ओरडला, “शलाका, जागा सांग! खंय जावचा?”

“माका म्हायत नाय,” शलाका म्हणाली.

“म्हायत नाय म्हणजे? अ‍ॅप तुझा मा?”

“मी भितीकडे बघत होतंय.”

बोटी गेल्या, पण ठिपका जिथे करडा झाला तिथून खडक कित्येक मैल दूर, आणि दर्याला दिशा चार. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याच गावच्या बोटीला आंतोन सापडला. बर्फाच्या थर्माकोल खोक्याला मिठी मारून तरंगत होता. निळू सापडला नाही. नंतरही नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात आंतोनचे ओठ मिठाने फुटले होते. शलाका खाटेशेजारी बसली, तेव्हा तो आपणहून बोलू लागला.

“साडेधाक बोटीच्या पंख्यात कोणाचातरी फाटका जाळा गावला. पंख्याचो दांडो वाकलो, मागसून पाणी येवक लागला. दादान पयला काय केल्यान, तर बटण चालू केल्यान. हिरवो दिवो लागलो. धोक्याचो संदेश जावचो म्हणान तां दाबून पण धरल्यान, धा आकडे मोजून. म्हणालो, आंतोन, भिया नको, आता शलू बघतली.”

शलाकाने पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला.

“आमी पाणी उपसत रवलो. मतलय बोटीक भायर दर्यात व्हरत होती. बाराक दादा म्हणालो, निघाली असतीत बोटी. दोनाक म्हणालो, चेअरमनाची बोट मागून घेतली असतली तिणा, तो फुगान बसलो असतलो, म्हणान उशीर. आणि हसलो. खोक्याक दोघांका धरूक जागा होती गो. मी म्हटलंय, ये. तो म्हणालो, पेटी भिजली तर दिवो जायत, मगे शलूक आमी दिसाचे कसे? केबिनीच्या टपार उभो रवलो. पेटी डोक्यार धरल्यान, दोनय हातांनी. शेवटाक माझ्या घड्याळात साडेचार झाले होते.”

साडेदहा ते साडेचार. सहा तास बटण उघडं होतं, दिवा हिरवा होता, कान ऐकत होता. दारावर एकच कडी उरली होती, आणि ती शलाकाची होती. त्या सहा तासांत कधीही तिने हाक मारली असती, तर ठिपका पेटला असता. बटणाने कडी निघू नये असं ज्याने तणतणून सांगितलं होतं, तो स्वतः ते विसरून हिरव्या दिव्याखाली उभा होता.

आपण कीर्तनात मान डोलावून ऐकतो, की भक्ताने हाक मारली आणि देव ताटावरून उठून धावला. मीही ऐकतो, आणि ऐकताना अजूनही डोळे भरतात. पण इथे हाक मारणाऱ्याने मारली होती. धावणारी धावायला बसलीच होती. मधे दोघांनी मिळून, समजून-उमजून, एकमेकांच्या मायेनेच बसवलेली एक कडी होती. देवाला काय बोल लावायचा?

चौथ्या दिवशी सोसायटीत सभा झाली. तांडेल पेटी बनवणाऱ्यांच्या नावाने ओरडत होते. पेटी फुटकी, दिवा खोटा, दिवा हिरवा असून संदेश आलाच नाही. शलाका नुसती गप्प बसली असती, तरी निभावलं असतं. पेटी तळाला गेलेली, आंतोनला त्यातलं कळत नाही. ती उभी राहिली.

“पेटी बरी होती. कडी माझी होती,” ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. मग म्हणाली, “आडोसो बदललाय मी. आता बोटान बटण चालू केलास की माझी कडी पण निघतली. आज सगळ्यांच्या पेटीत घालतंय.”

मग भिकाजी मालंडकर, सत्तरीचा तांडेल, निळूला पोहायला शिकवणारा माणूस, घसा खाकरून म्हणाला, “आणि खलाशाचो कोपर लागलो तर?”

शलाकाने सभेकडे बघितलं. माना खाली होत्या, पण हलत होत्या. हो, कोपर लागला तर?

“भिकाजीकाका, माझो भाव गेलो.”

“गेलो गो. माझ्या मांडयेर खेळलेलो.” म्हाताऱ्याचे डोळे खरंच वाहत होते. “पण खडक राखून गेलो मा? दाखवून नाय गेलो.”

आता बोटी सोळा उरल्या होत्या. सोळांपैकी एकाही तांडेलाने नवा आडोसा घातला नाही. जुना काढायची सोय तिच्या हातात होती. तिने तो काढला, तर पंधरा दिवसांत त्यांनी शहरातून कुणाकडून तरी तसलाच आणून बसवला. त्याला हाकेची किल्लीही नव्हती.

सुरंगा वैनीकडे ती सगळ्यात शेवटी गेली. वैनी मागच्या पडवीत सुकी मासळी निवडत होती. शलाका समोर बसली आणि हात जोडून म्हणाली, “वैनी, माझ्यान चूक झाली. शपथ होती म्हणान...”

“शपथ पाळलंस काय?” वैनीने वर न बघता विचारलं.

“काय?”

“पाचाक हाक मारलंस. दिवस होतो तेव्हा. म्हणजे मोडलंसच मा शपथ?”

“मोडलंय.”

“मोडूचीच होती,” वैनी म्हणाली, “तर सकाळी मोडूची.”

तिने टोपली उचलली आणि आत गेली. दार लावलं नाही. पण शलाका त्या दारातून आत गेली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

ती अजून सोसायटीतच बसते. गाव तिला काढत नाही, ती सोडून जात नाही. सकाळी आठ-साडेआठला एकेक ठिपका करडा होतो आणि ती दुपारपर्यंत त्यांच्याकडे बघत राहते. आता तिच्या हातात हाक नाही, बघणं तेवढं आहे.

मंडळी, निळूला विसरू नका असं मला सांगावं लागणार नाही. डोक्यावर पेटी धरून उभा राहिलेला माणूस विसरला जात नाही. त्याच्या नावाने सातेरीपुढे वर्षातून एकदा नारळ फुटतो, फुटत राहील. माझं मागणं दुसऱ्या कुणासाठी आहे. आज घरी जाल, देवापुढे बसाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाल्यावर क्षणभर त्या शलाकाला आठवा. तिला माफ करा असं म्हणत नाही. तो हक्क तुमचा नाही आणि माझाही नाही. फक्त आठवा, की ती तिथे बसलेली आहे.